टायमर रिमोट आणि ताऱ्यांच्या तुटक रेघा

डिसेंबरात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मामाच्या अंगणातून ताऱ्यांच्या रेघा टिपायला बसलो, म्हणजे एकामागोमाग बरेच फोटो काढून ते जोडायचे, की सरकणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा उमटतात. हे तारे ज्याच्याभोवती फिरताना दिसतात तो ध्रुव गोव्यातून क्षितिजापासून जेमतेम 15 अंशांवर दिसतो, म्हणजे कुळागरातल्या पोफळींच्या शेंड्यांना टेकलेलाच. फार देखणी जागा! कॅमेऱ्यावर शटर 30 सेकंद ठेवला, आणि ठरावीक वेळाने आपोआप फोटोचा इशारा देणाऱ्या टायमर रिमोटवर इंटरव्हल, म्हणजे दोन इशाऱ्यांमधला वेळ, 31. दोन तासांनी पाहतो तर फोटो निम्मेच. जोडल्यावर प्रत्येक रेघ तुटक, धावदोऱ्याच्या टाक्यांसारखी.

रिमोटचे सेल बदलले, केबलची पिन घट्ट केली. काही फरक नाही. शेवटी मोबाइलवर वेळ लावून शटर उघडल्या-मिटल्याचे दोन आवाज ऐकले, तर मध्ये भरले 32 सेकंद! शटरची वेळ दुपटीने वाढत जाते, 1, 2, 4, 8, 16, 32. कॅमेऱ्यावर लिहितात मात्र 30. त्यामुळे रिमोटचा दुसरा इशारा यायचा तेव्हा शटर अजून उघडंच असायचं आणि तो इशारा वाया जायचा.

इंटरव्हल 34 केला. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब वेळेच्या फोटोतले ठिपके पुसायची कॅमेऱ्यातली सोय, तीही बंद ठेवा बरं का, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी तेवढाच वेळ अडकतो. दुसऱ्या रात्री 200 फोटो सलग मिळाले, आणि पोफळींवरच्या रेघा अखंड.