चुलीवरचं जंगली मास: पाणी घोटाघोटानं घाला

राजस्थानात राजपूत शिकारीच्या तळावर जेवढं हाताशी असे तेवढ्यातच हे जंगली मास, म्हणजे शिकारीचं मांस, शिजे: तूप, सुक्या लाल मिरच्या, मीठ, पाणी. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, आता बोकडाचं मटण वापरतात.

हाडासकट 1 किलो मटणाला 200 ग्रॅम तूप आणि 10-12 अख्ख्या मिरच्या घ्या. जोधपूरजवळच्या मथानिया गावच्या मिळाल्या तर उत्तमच. देठ काढा, पण मिरची मोडू नका. बिया सुटल्या की तिखटाचा जाळ होतो आणि मटणाची चव मरते.

जाड बुडाच्या पातेल्यात तूप तापवून मटण, मीठ, मिरच्या घाला. मटणाचं अंगचं पाणी आटून तूप सुटू लागलं की अर्धी वाटी गरम पाणी घाला. ते आटलं की पुन्हा अर्धी वाटी. एकदम तांब्याभर ओतलंत तर नुसतं उकडलेलं मटण आणि पांचट रस्सा हाती येईल. मंद जाळावर दीड-दोन तास लागतात, म्हणून पातेल्याजवळ आळीपाळीने बसा. गप्पांत दुर्लक्ष झालं की तळ लागलाच. मांस हाडापासून सुटलं, कडेला लालसर तूप दिसलं की उतरवा. सोबत बाजरीची भाकरी, गरमच.