युटा-अ‍ॅरिझोना बाईकने करताय? आधी फोनचं घड्याळ बांधून टाका

उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ तासाने पुढे करत नाही, युटा आणि नावाहो नेशन (नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश) करतात, त्यामुळे अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाहून नावाहो हद्दीतल्या मॉन्युमेंट व्हॅलीला जाता-येता फोन आपोआप तासाची उडी मारतो. तलावपाळीला चहा पीत आम्ही अख्खा रूट आखला पण हे कोणाच्या डोक्यातच नाही, आणि पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनची टूर जेमतेम मिळाली.

१. निघण्याआधी ऑटोमॅटिक टाइम झोन बंद करून अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स टाका.
२. टाकीवर चिकटपट्टीने दिवसाची चिठ्ठी लावा, प्रत्येक वेळेपुढे "पेज" नाहीतर "युटा" लिहून. हेल्मेट घालून फोन कोण काढतंय!

फक्त एक, अँटिलोप नावाहोंच्या जमिनीवर असलं तरी टूर पेजच्याच वेळेने सुटते, मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र फोनवरच्या वेळेत एक तास मिळवायचा.