नव्या सुपरवायझरचे प्रशिक्षण: एका धड्यात एकच प्रसंग

काल शेजारच्या मशीनवर काम करणारा आज लाइनचा सुपरवायझर झाला, की त्याला सगळ्यात जड जाते ते जुन्या मित्राला ‘तू रोज उशिरा येतोस’ हे सांगणे. दहा-दहा मिनिटांच्या छोट्या धड्यांतून त्याला तयार करायचे असेल, तर पहिला धडा तिथूनच काढा. ‘नेतृत्वगुण’ हा विषय दहा मिनिटांत मावत नाही. खरं तर दिवसभराच्या वर्गातही मावत नाही.

धड्याच्या नावातच काम दिसू द्या: उशिरा येणाऱ्याशी बोलणे, शिफ्ट बदलताना काम सोपवणे, रजा नाकारणे. आधी थोडक्यात प्रसंग, मग तोंडात बसतील अशी दोन-तीन वाक्ये, आणि उरलेला वेळ जोडीदारासमोर ती मोठ्याने म्हणून पाहायला. वेळ कमी पडला तर प्रसंगाचा व्हिडिओ कापा, हा सराव कापू नका. लोक लाजतील, हसतील, चालू द्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी असेच छोटे अभ्यासक्रम चालले: दोन-दोन तासांच्या 5 बैठका, आणि प्रत्येकाने सरावाला आपल्याच कामावरचा खरा प्रश्न आणायचा. ही अट आजही उचलण्याजोगी आहे.

प्रश्नमंजुषेतल्या गुणांवर फार विसंबू नका. आठवडाभरात वरिष्ठाने सहज विचारावे, ‘बोललास का त्याच्याशी? तो काय म्हणाला?’

आणि वेळ साधा. कोकणातली मंडळी जास्त असलेल्या कारखान्यात ‘रजा नाकारणे’ हा धडा गणपतीच्या महिनाभर आधी पाठवा. विसर्जनानंतर तो कोणी उघडणारही नाही.