वैऱ्याला क्षमा कशी करावी
वैऱ्यांवर प्रीती करा व छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे येशूने सांगितले (मत्तय ५:४४); तेव्हा राग ओसरण्याची वाट न पाहता प्रार्थनेपासूनच सुरुवात करावी, आणि त्या माणसाचे नाव घेऊन त्याने केलेले सारे देवापुढे आडपडदा न ठेवता मांडावे. मग सूड देवावर सोपवून, तो भुकेला असल्यास त्याला जेवू घालावे (रोमकरांस १२:२०). हे सर्वांत जड जाते. मात्र क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे: १९९९ साली ओरिसातील मनोहरपूर येथे पती ग्रॅहम व दोन मुलांना जिवंत जाळणाऱ्यांना ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली, तरी खटला चाललाच, आणि त्या बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिल्या. मारहाण करणारा घरातलाच असेल, तर क्षमा करूनही त्याच्यापासून दूर राहावे.