डेटाबेस सर्व्हरसाठी लिनक्स निवडताना

मुंबईतील पतपेढी असो वा अंधेरीतील छोटी कंपनी, आधी डेटाबेस ठरवावा आणि त्याच्या निर्मात्याने कोणत्या लिनक्स वितरणांना (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांना) अधिकृत मान्यता दिली आहे हे पाहूनच पुढे जावे. ओरॅकल डेटाबेस असेल तर ओरॅकल लिनक्स, रेड हॅट किंवा सुसे घ्यावे, उबुंटूचा आग्रह धरू नये. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस डेबियन या वितरणावर उत्तम चालतो. मात्र एका गंभीर धोक्याकडे सहसा दुर्लक्ष होते: ग्लिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या 2.28 आवृत्तीत अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलल्यामुळे, रेड हॅट 7 वरील पोस्टग्रेसच्या डेटा फायली 8 वर (ज्यात ही नवी ग्लिबसी आहे) जशाच्या तशा नेल्यास मजकुरावरील इंडेक्स (जलद शोधासाठीच्या क्रमवार सूच्या) बिघडू शकतात आणि खातेदाराचे नाव नोंदीत असूनही शोधात सापडत नाही. अशा स्थलांतरानंतर, सर्व्हर वापरासाठी खुला करण्यापूर्वी, रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणे) केलेच पाहिजे.