चित्रवहीचे साहित्य निवडताना

चित्रवहीच्या कागदात काटकसर करू नये. जलरंग, फेविकॉल आणि चिकटवलेली कात्रणे यांचा भार 300 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कागदच नीट सोसतो, पातळ कागद रंगाच्या पहिल्याच हाताला फुगतो. सोलापुरी चादरीची चिंधी लावायची असेल, तर आधी तिच्या सुट्या दशा कातराव्यात, मग फेविकॉल कागदावर ब्रशने पसरून चिंधी मधून कडांकडे दाबत न्यावी. सोलापुरात मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे गेला की फेविकॉल भराभर सुकतो, म्हणून एका वेळी तळहाताएवढ्याच जागेवर लावावा. रेखाटनासाठी जलरोधक शाईचेच पेन घ्यावे. साध्या शाईमुळे माझ्या एका पानावरचे सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराचे शिखर जलरंगाचा हात फिरताच चित्रातल्या तलावात विरघळले. ॲक्रिलिक रंगाची पाने सुकल्यावरही एकमेकांना चिकटतात, तेव्हा मध्ये बटर पेपर ठेवावा.