शर्यत बघताना टायरचं वय मोजा

भाचीला पहिल्यांदा फॉर्म्युला वनची शर्यत दाखवायला बसलो, तेव्हा अर्ध्या तासात तिनं विचारलं, "मामा, मागची गाडी एवढी चिकटून चाललीय, मग पुढे का जात नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा टायरमध्ये सापडतं. ते कसं शोधायचं, हे तिला शिकवलं तसंच इथे सांगतो.

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: ड्रायव्हर, टायरचा रंग, टायर कितव्या फेरीला चढवले. कोरड्या ट्रॅकसाठी तीन रंग असतात. लाल म्हणजे सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. सॉफ्टची पकड सगळ्यात जास्त, पण तो लवकर झिजतो. हार्डचं नेमकं उलट. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात, म्हणून प्रत्येकाला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टायर बदलायच्या जागी, यावं लागतं. (हिरवा आणि निळा ओल्या ट्रॅकसाठी. पाऊस आला की वहीचं पान बदला, सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.)

आता मुद्दा. सगळ्यांचे टायर सारखेच चांगले असले तर कुणीच कुणाला गाठत नाही, आणि सारखेच झिजलेले असले तरीही नाही. ओव्हरटेक होतो तो दोन गाड्यांच्या टायरमध्ये फरक पडला की. म्हणून रंगापेक्षा तिसऱ्या रकान्याकडे जास्त लक्ष द्या. नव्या हार्डवरचा ड्रायव्हर वीस फेऱ्या जुन्या सॉफ्टवाल्याला सहज मागे टाकू शकतो.

२०१९ च्या हंगेरीतल्या शर्यतीचं पान मी जपून ठेवलंय. वेर्स्टापेन पुढे होता, २५व्या फेरीला चढवलेल्या हार्डवर. ४८व्या फेरीला हॅमिल्टन पुन्हा पिटमध्ये आला, मीडियम चढवले आणि सुमारे २० सेकंद मागे बाहेर पडला. शर्यत ७० फेऱ्यांची. इथे पेन्सिल चालवायची: अंतर भागिले उरलेल्या फेऱ्या. म्हणजे फेरीमागे साधारण एक सेकंद कमवायला हवा. टायरच्या वयात २३ फेऱ्यांचा फरक होता, त्यामुळे ते अशक्य नव्हतं. ६७व्या फेरीला हॅमिल्टन पुढे गेला. हा भागाकार ज्यांनी केला नव्हता, त्यांना मधल्या वीस फेऱ्या रटाळ वाटल्या असतील. माझा मात्र प्रत्येक फेरीला जीव टांगणीला लागला होता.

पण गाठणं वेगळं आणि ओलांडणं वेगळं. पुढच्या गाडीमागची हवा ढवळलेली असते. तिच्यात मागच्या गाडीवरचा खाली दाबणारा जोर कमी होतो, ती वळणावर घसरते आणि टायरचा पृष्ठभाग तापतो. त्यामुळे फार वेळ चिकटून राहणाऱ्याचे टायर आधी संपतात. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. मागचा ड्रायव्हर अचानक दोन-तीन सेकंद मागे पडला, तर त्यानं हार मानली असं समजू नका. बहुतेकदा तो टायर थंड करत असतो.

टायर जितका नाजूक तितकी मजा जास्त, असं अनेकांना वाटतं. २०१० मध्ये कॅनडाच्या शर्यतीत टायर भराभर झिजले, शर्यत रंगली, आणि २०११ पासून आलेल्या पिरेली या टायर कंपनीला तसेच झिजणारे टायर बनवायला सांगितलं गेलं. २०१२ मध्ये चीनमध्ये रायकोनेन शेवटच्या काही फेऱ्यांत दुसऱ्या क्रमांकावरून पार १४व्यावर घसरला. टायर एकाएकी संपले होते. बघायला थरारक, पण अशा टायरवर बाकीचा बराच वेळ सगळे जपूनच चालवतात. दुसरं टोक म्हणजे २०१४ ची रशियातल्या सोचीची शर्यत. रोझबर्गनं पहिल्याच फेरीनंतर टायर बदलले आणि उरलेल्या ५२ फेऱ्या त्याच टायरवर काढून दुसरा आला. ते पान माझ्या वहीत जवळजवळ कोरं आहे.

मला आवडतो तो मधला टायर: एकदा थांबलं काय, दोनदा थांबलं काय, एकूण वेळ जवळपास सारखाच लागेल असा. २०२४ ला इटलीतल्या मोन्झात लक्लेर एकदाच थांबला, पियास्त्री दोनदा. पियास्त्री ताज्या टायरवर अंतर कापत आला, पण तीन सेकंदांहून कमी अंतर उरलं आणि शर्यत संपली. नुसती थांब्यांची सक्ती करून हे साधत नाही. २०२५ ला मोनॅकोत दोन थांबे सक्तीचे केले, तेव्हा काही संघांनी एक गाडी मुद्दाम हळू चालवून मागच्यांना अडवलं आणि आपल्या दुसऱ्या गाडीला थांबायला मोकळी जागा करून दिली. त्या अरुंद रस्त्यांवर ताज्या टायरवाल्यालाही पुढे जाता येईना.

शर्यतीच्या शेवटच्या पंधरा फेऱ्या उरल्या की पहिल्या सहा जणांचं टायरचं वय पुन्हा लिहून काढा. ज्या दोघांच्या वयात दहापेक्षा जास्त फेऱ्यांचा फरक आणि मागच्याचा टायर नवा, त्या जोडीभोवती गोल करा. कॅमेरा कुठेही असू दे, डोळे त्या दोघांमधल्या सेकंदांच्या आकड्यावर ठेवा. भाची आता तो गोल माझ्या आधी काढते.